हातभर अंतरावरचे फोटो

समोर कॉफीचा कप, वर जाडसर फेस, खिडकीतून आडवा उजेड आलेला, आणि माझा कॅमेरा नुसता घुर्र घुर्र करत पुढेमागे पुढेमागे. फोकस लागेना. मान मागे घेतली, लागेना. खुर्ची मागे रेटली, लागेना. शेवटी उठून उभी राहिले तेव्हा कुठे तो हिरवा चौकोन पेटला, आणि तोवर फेस बसलेला. "झालं का तुझं, का परत गरम करून आणू?" असं नवरा म्हणाला, त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. फोटो आला तो असा वरून, पंचनाम्याला काढल्यासारखा. मला जे दिसत होतं, म्हणजे कप, कपाच्या मागे नवऱ्याचं कोपर, त्याच्या मागे उजेडाची पट्टी, त्यातलं काही म्हणजे काही त्यात नव्हतं.

ती लेन्स म्हणजे ५० एमएम एफ १.८ (एमएमचा आकडा मोठा तेवढं जास्त जवळ ओढून दाखवते, आणि एफ म्हणजे तिचं भोक, अपर्चर, किती उघडतं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं). नवीन कॅमेरा घेतल्यावर दुसरी लेन्स कुठली घेऊ असं विचारा, दहातले नऊ जण हीच सांगतात, मलाही हीच सांगितली, आणि वाईट अजिबात नाहीये, हलकी आहे, शार्प आहे, अंधारात कामाला येते. फक्त एक गोष्ट कुणी बोललं नाही की ती ४५ सेंटीमीटरच्या आतलं काही बघूच शकत नाही. आणि हे अंतर लेन्सच्या पुढच्या काचेपासून नाही मोजायचं, सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो जिथे उमटतो त्या चकतीपासून मोजायचं, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डोक्यावर गोलाला आडवी रेघ मारल्यासारखी बारीक खूण असते ना, तिथून. मला दोन वर्षं ती खूण म्हणजे कंपनीचं काहीतरी नक्षीकाम वाटत होतं.

मग मी फूटपट्टी घेऊन बसले (हसू नका). नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखी पोक काढून, डोळ्यापासून कपापर्यंत ३८ सेंटीमीटर. बशी ४०. चिरायचा बोर्ड, ओट्याशी उभं राहिलं तरी ५० च्या आसपास. म्हणजे आपण रोजचे फोटो, रोजचे फोटो म्हणतो ते रोजचं सगळं हातभर अंतरावर घडत असतं, आणि माझी लेन्स जिथे सुरू होत होती तिथे ते जवळजवळ संपलेलं होतं. तेव्हापासून कुणी लेन्स विचारली की मी म्हणते एफ नंबर नंतर बघ रे, आधी ती किती जवळ जाते ते बघ, आणि लोक माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतात. बघू देत.

खरंच पण, डबीवर छापलेलं हे एक वाक्य कुणी वाचत नाही. ५० एमएमच्याच काही लेन्सेस ३५ सेंटीमीटरपर्यंत येतात, आणि हा दहा सेंटीमीटरचा फरक म्हणजे बसून काढलेला फोटो आणि उभं राहून काढलेला फोटो एवढा फरक आहे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर ५० एमएम ही ७५ सारखी दिसते, त्यामुळे मागे सरकलात तरी कपाशिवाय दुसरं काही मावत नाही. तिथे ३५ एमएम बरी, निकॉनची ३५ एफ १.८ आहे ती ३० सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि कॅननची ती बिस्किटासारखी चपटी २४ एमएम एफ २.८ तर १६ सेंटीमीटरला, म्हणजे जवळजवळ नाक लावायचं ताटलीला. उलट लायकाच्या एम मालिकेतल्या लेन्सेस वर्षानुवर्षं ७० सेंटीमीटरला थांबत आल्या, कारण त्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवून फोकस लावायची यंत्रणा, पारंपरिक पद्धतीने तेवढ्यापर्यंतच जोडलेला. ती टेबलापलीकडच्या माणसाची लेन्स. अलीकडच्या कपाची नाही.

मोबाइलवाल्यांनी उगाच खूश होऊ नका, तुमचंही तेच आहे. मोबाइलचे सेन्सर मोठे होत गेले तसं मुख्य कॅमेऱ्याचं जवळ जाणं कमी होत गेलं, म्हणून तुम्ही फोन जवळ नेला की तो गुपचूप वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि पावाचं नाक मोठं न् मागचं सगळं वाकडं दिसतं. ते टाळायचं असेल तर थोडं मागे येऊन दोन पट झूम करा, बघा फरक.

तर आम्ही पाच-सहा जण आहोत असे हौशी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकाने प्रिंट केलेला एक फोटो आणायचा आणि घरी केलेलं काहीतरी खायचं-प्यायचं आणायचं. नियम दोनच. फोटो त्याच आठवड्यातला आणि स्वतःच्या घरातला हवा, सहलीचा, डोंगराचा, पक्ष्याचा चालणार नाही. आणि फोटोतलं खाणं खरंच खाल्लेलं हवं, म्हणजे ग्लासवर ग्लिसरीनचे थेंब मारून गारवा दाखवणं, असले जाहिरातवाले उद्योग बंद. पहिल्या दोन-तीन वेळेला सगळे नुसते लेन्सवर बोलत होते, माझी एफ १.४, तुझी एफ १.८, आणि आणलेलं खाणं तसंच झाकून राहिलेलं. आता उलटं झालंय. लेन्सेस टेबलावर पडलेल्या असतात आणि लोक विचारतात की लिंबाच्या सरबतात सालं किती वेळ ठेवलीस.

एफ नंबरवरून आठवलं. ५० एमएम एफ १.८ ला पूर्ण उघडून ४५ सेंटीमीटरवरून फोटो काढला तर मोठ्या सेन्सरवर साधारण अर्धा सेंटीमीटर शार्प मिळतं. अर्धा! म्हणजे केकवर एक चेरी असेल तर चेरीचा पुढचा गाल शार्प आणि मागचा गाल गेला. सुरुवातीला मला हे जाम भारी वाटायचं, सगळे फोटो असेच, एक बिंदू शार्प बाकी लोणी. मग एकदा आईला दाखवला फोटो, बाऊलमधल्या सूपचा, तर ती म्हणाली, "अगं पण हे आहे काय?" त्या दिवसापासून मी एफ ५.६ वर आले, पावणेदोन सेंटीमीटर मिळतात, एफ ८ ला अडीचच्या आसपास, तेवढ्यात बाऊलची कड, वरची पानं आणि चमच्याचं टोक बसतं. उजेड कमी पडतो मग ट्रायपॉड लावायचा किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची भूक, वाढवायचा, थोडे दाणे आले तर आले, दाण्यांनी कुणी मेलं नाही.

मागचा धूसर भाग, ज्याला सगळे बोके म्हणतात, तो शब्द ऐकला की माझ्या डोळ्यासमोर अजूनही कुंपणावर भांडणारे दोन माजलेले बोकेच येतात, त्याला इलाज नाही. आणि गंमत म्हणजे माझ्याकडची दुसरी लेन्स, हेलिओस ४४-२, तिचे बोके खरंच मांजराचे निघाले. जुनी सोव्हिएत लेन्स, ५८ एमएम एफ २, झाइस येना या जर्मन कंपनीच्या बिओटार नावाच्या लेन्सच्या डिझाइनवरून केलेली. तिला पूर्ण उघडलं की मधले उजेडाचे ठिपके गोल येतात आणि कडेकडेचे चपटे होत जातात, मांजराच्या डोळ्यासारखे, कारण तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीतच थोडा कापला जातो. मागे पानं असली की ते सगळे डोळे गोल फिरल्यासारखे दिसतात. पहिला आठवडा मी वेडी झाले होते. चहा आणि मागे भोवरा, संत्रं आणि मागे भोवरा, नवरा आणि मागे भोवरा. दुसऱ्या महिन्यात आमच्यातल्या एकाने शांतपणे सांगितलं, की आता गरगरतंय, पुरे.

पण ती मी विकली नाही, कारण तिच्यावरूनच मला हातभर अंतराचा उपाय सापडला.

त्याआधी एक फसलेला उपाय सांगते. एक्स्टेन्शन ट्यूब. नुसती पोकळ रिंग असते, काच नाही काही नाही, कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची, लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं दिसायला लागतं. किती, तर ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, म्हणजे १२ एमएमची ट्यूब ५० वर लावली तर ०.२४ पट जास्त. स्वस्तातला मस्त इलाज, मी खूश. कपाचा फोटो काढला, फेसातला एकेक बुडबुडा मोजून घ्या. मग तशीच मान वर करून समोर बसलेल्या आईचा काढायला गेले तर नुसतं धुकं. कारण ट्यूब लावली की लेन्स लांबचं विसरते, हिशोब केला तर १२ एमएम ट्यूबवर माझी ५० एमएम साधारण २५ ते ३२ सेंटीमीटर एवढ्याच पट्ट्यात बघते. सात सेंटीमीटरचं जग! कप दिसतो, कप धरणारी बाई दिसत नाही. टेबलावर बसून ट्यूब काढ, लेन्स लाव, ट्यूब लाव, त्यात सेन्सरवर पावाचा चुरा पडला, आणि तो चुरा पुढे महिनाभर माझ्या प्रत्येक फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात पक्षी म्हणून हजर.

हेलिओसला एम४२ चा आटा असतो, ४२ एमएम व्यासाचा, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीची लेन्स म्हणून ती सेन्सरपासून साडेपंचेचाळीस एमएम लांब बसायला हवी, आणि आताच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तेवढी गरजच नसते, सोनीच्या ई माउंटला १८ एमएम पुरतात. मग मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस एमएमच्या जागेत अडॅप्टर बसतो, आणि त्या अडॅप्टरचा एक प्रकार असा मिळतो की तो स्वतःच फिरवून लांब करता येतो. हेलिकॉइड म्हणतात. आवळला की लेन्स नेहमीसारखी, खिडकीबाहेरचं झाड दिसतं, सोडवत नेला की जवळ, अजून जवळ, कपापर्यंत. अर्धा मीटरला थांबणारी लेन्स बसल्या जागी कपाच्या कानापर्यंत येते. कप आणि कप धरणारी बाई दोन्ही, मधे काही उपटायला नको. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी साखरदाणीचे चाळीस फोटो काढले, साखरदाणीला काय वाटलं असेल.

आमच्यातल्या एकाकडे निकॉनचा जुना आरशाचा कॅमेरा आहे, त्यावर एम४२ ची लेन्स साध्या रिंगेने लावली तर ती एखादा एमएम जास्तच लांब बसते आणि लांबचं कधीच शार्प होत नाही. त्याची कायम रड, इन्फिनिटी नाही, इन्फिनिटी नाही. अरे बाबा तुला पावाचा फोटो काढायचाय, अनंत कशाला हवंय तुला.

आणि पाव हा तर वेगळाच छळ आहे. माझा साधा हिशोब, ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम स्टार्टर, म्हणजे आंबवलेलं पीठ. भट्टीतून काढला की दोन-तीन मिनिटांनी तो बोलायला लागतो, कवच गार होताना तडतडतं, अगदी बारीक, कान जवळ न्यावा लागतो (इथेही हातभरच). तेव्हा कापायचा नाही, किमान तासभर तरी नाही, आतला स्टार्च अजून बसायचा असतो, गरम कापला तर सुरीला चिकट लगदा. आणि मी सकाळी भाजत होते, म्हणजे नेमका तासाभरात खिडकीतला आडवा उजेड वर चढून जायचा आणि पावाच्या आतली जाळी सपाट दिसायची. जाळी दिसायला उजेड बाजूनेच हवा, प्रत्येक भोकाची एक कड उजळ आणि एक अंधारी, समोरून उजेड मारला की तोच पाव स्पंजसारखा. कितीतरी रविवार मी एकतर लगदा खाल्लाय नाहीतर वाईट फोटो काढलाय. आता रात्री भाजते, रात्रभर फडक्यात ठेवते, सकाळी उजेड आला की कापते. इतकं साधं होतं पण ते सुचायला वर्ष गेलं.

खिडकीजवळ काढताना घरातले दिवे मात्र बंद करा, प्लीज. बल्ब २७०० केल्विनचा नारिंगी, बाहेरचा उजेड ५५०० च्या पुढे निळसर, दोन्ही एकत्र आले की पावाची एक बाजू कावीळ झाल्यासारखी आणि दुसरी थंडीने गारठलेली, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दाखवायची सोय, बिचारा कुणाची बाजू घेणार. अंधाऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करायचा, झालं. मी वहीचं पान धरते.

प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचा फोटोग्राफर होता, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, आणि त्याने १९४० ते १९५४ आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले. कधी काचेवर दव, कधी बर्फ, खिडकीत एखादा पाण्याचा ग्लास. चौदा वर्षं एक खिडकी! मी त्याचे फोटो बघितले की मला माझ्या बाहेर जायला मिळत नाही या तक्रारीची लाज वाटते. आणि एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरची ती ढोबळी मिरची, १९३० ची, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली, इतकी पिळदार की पाठमोरा पैलवान वाटावा. मिरची मान टाकायला लागली तेव्हा आज ही सॅलडमध्ये जाणार असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. आमचा दुसरा नियम त्याला मान्य झाला असता.

वाफेचं एका ओळीत सांगते कारण सगळे विचारतात. वाफ मागून उजेड आणि त्याच्यामागे गडद काहीतरी असेल तरच दिसते, पांढऱ्या भिंतीसमोर कितीही उकळतं धरा, काही नाही. आणि खोली गार असू द्या, कारण आपल्याला दिसतात ते गार होऊन जमलेले बारीक थेंब असतात, खरी वाफ दिसतच नाही.

कॉफीचा मात्र एक भन्नाट किस्सा आहे. आमच्यातला एकजण अजून फिल्म वापरतो, त्याने एकदा कॉफीत फिल्म धुतली. थट्टा नाही, कॅफेनॉल म्हणतात त्याला, १९९५ मध्ये रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फोटोच्या रसायनशास्त्राच्या वर्गात हे करून बघितलं गेलं, आणि नंतर लोकांनी त्यात व्हिटॅमिन सी घालून सुधारलं. लिटरला साधारण ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, २० अंशाला १५ मिनिटं, मग नेहमीचा फिक्सर, फोटो पक्का करणारा. काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफेइक ॲसिड करतं, म्हणून बिनकॅफीनची कॉफीही चालते, आणि चांगली कॉफी यात घालणं म्हणजे पाप, सगळ्यात भिकार डबा काढायचा. आमच्या पठ्ठ्याने पहिल्या वेळी धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा घातला. त्यात तेवढा क्षारपणा नसतो. छत्तीस फोटो, स्वच्छ पारदर्शक, खिडकीला लावायला छान. दुसऱ्यांदा नीट केलं आणि त्यात काय धुतलं तर कॉफीच्या कपाचे फोटो, म्हणजे कप, कपातली कॉफी आणि फोटो धुणारी कॉफी. कल्पना झकास पण वास असा की त्याच्या बायकोने भर जेवणाच्या वेळी त्याला टबासकट बाहेर काढलं. ती म्हणते ओल्या कुत्र्याला कॉफी पाजल्यासारखा वास होता. मी प्रिंटचा वास घेऊन बघितला, त्याला काही येत नाही.

आता माझी फजिती, मग थांबते.

मी आल्याचं फसफसतं पेय करते. किसलेलं आलं सालासकट, साखर आणि पाणी बरणीत, रोज एक-एक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं, पाच-सात दिवसांत वर बुडबुडे यायला लागतात, आल्याच्या सालीवरचं यीस्ट जागं होतं. मग आल्याचा गोड काढा गार करून त्यात हे थोडं गाळून घालायचं, लिंबू पिळायचं, बाटल्या भरायच्या, दोन-तीन दिवस बाहेर आणि मग फ्रिजात. बाटलीत दाब भरत असतो म्हणून एक बाटली प्लास्टिकची भरून ठेवायची, ती दाबून बघायची, दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजात. हे सगळं मला माहीत आहे. मीच सगळ्यांना सांगते.

त्या दिवशी मला बाटली उघडतानाचा क्षण हवा होता, झाकण सुटतंय आणि गळ्यात फेस चढतोय असा. हेलिओस, हेलिकॉइड पूर्ण सोडवलेला, एफ ८, खिडकीचा उजेड मागून, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा, बाटलीचं तोंड काचेपासून जेमतेम वीतभर. नवरा झाकण काढणार, मी क्लिक करणार. प्लास्टिकची बाटली मी दाबून बघितली नव्हती कारण या वेळी प्लास्टिकची भरलीच नव्हती, हे मला तो एक-दोन-तीन म्हणत असताना आठवलं.

पहिला फोटो आलाय. फेस गळ्यापर्यंत, तीन थेंब हवेत, मागे उजेडाचे ठिपके थोडेसे. दुसऱ्या फोटोत सगळं पिवळट पांढरं. तिसरा छताचा आहे.

अर्धी बाटली गेली, थोडी लेन्सवर, थोडी माझ्या केसांत. काच पुसायला वेळ नाही लागला, साखर पाण्यात विरघळते, ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, मग कोरडं लेन्स टिश्यू. पण रिंगांच्या फटीत जे गेलं ते गेलं. मी कापसाच्या काड्या घेऊन दोन संध्याकाळी बसले होते, नवरा शेजारी बसून उरलेली अर्धी बाटली ग्लासात ओतून पीत होता आणि म्हणत होता, या वेळी जमलंय बरं का, लिंबू परफेक्ट.

पहिला फोटो प्रिंट करून नेला. निकॉनवाल्याने दुसऱ्या बाटलीतलं दोन ग्लास प्यायलं आणि बरणी कुठल्या मापाची घेऊ ते विचारलं. मी लेन्स त्याच्या हातात दिली, फिरवून बघ म्हटलं. अपर्चरची रिंग ८ वरून ११ वर नेताना अजून जरा अडकते, आणि उन्हात ठेवली की आल्याचा वास येतो.